शंका-समाधान : सलग आठ वेळा लाल आल्यावर

या वेळी टपालाने आणि ई-मेलने आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची निघाली. मोबाइलवरचे रंग ओळखण्याचे खेळ, लॉटरी, आकडा, आणि या सगळ्यांत काही क्रम लपलेला असतो का, हा तो विषय. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत आणि लांबलेली पत्रे थोडी आटोपती केली आहेत.

प्रश्न (नाशिकहून) : मी कारखान्यात नोकरी करतो. मोबाइलवर कलर प्रेडिक्शनचा जो खेळ मी खेळतो त्यात दर मिनिटाला ० ते ९ पैकी एक आकडा येतो. १, ३, ७, ९ हे हिरवे, २, ४, ६, ८ हे लाल, ५ हा हिरवा-जांभळा आणि ० हा लाल-जांभळा. लाल किंवा हिरव्यावर लावलेले पैसे दुप्पट मिळतात, पण ५ किंवा ० मुळे जिंकलो तर दीडपटच मिळतात. जांभळ्याला साडेचारपट आणि नेमक्या आकड्याला नऊपट आहे. लावलेल्या रकमेतून आधी २ टक्के शुल्क कापतात. मी ३०० डाव वहीत उतरवले आहेत. त्यांत एकच रंग सलग पाच-सहा वेळा आल्याच्या अनेक जागा आहेत, एकदा तर लाल सलग आठ वेळा आला, आणि मध्येच लाल-हिरवा-लाल-हिरवा अशी एकाआड एक रांग लागते. हे सगळे योगायोगाने कसे घडेल? हा ट्रेंड ओळखून खेळता येईल का?

उत्तर : आपण वही ठेवली ही गोष्ट मला मनापासून आवडली, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या वहीतच आहे आणि ते तपासायला माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्याची गरज नाही.

महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत असताना मी दरवर्षी एक प्रयोग करीत असे. अर्ध्या मुलांनी घरी खरोखर नाणे १०० वेळा उडवून छापा-काटा लिहून आणायचा आणि उरलेल्या अर्ध्यांनी नाणे न उडवता मनानेच १०० निकाल लिहायचे. कोणता कागद कोणत्या गटाचा हे मला सांगायचे नाही. मी कागदावर नजर टाकून बहुतेक वेळा अचूक सांगत असे, आणि त्यात कसलीही सिद्धी नव्हती. मनाने लिहिणारा मुलगा तीन-चार छापे सलग लिहिले की अस्वस्थ होतो आणि काटा लिहून टाकतो, तर खऱ्या नाण्याला असा संकोच नसतो. १०० वेळा नाणे उडवले तर कुठे ना कुठे सलग सहा किंवा अधिक वेळा एकच बाजू येण्याची शक्यता सुमारे ८० टक्के असते. म्हणजे ज्या कागदावर सहाची रांग नाही, तोच संशयास्पद.

आपल्या खेळात ५ ला हिरव्यात आणि ० ला लालमध्ये धरले की दोन्ही रंगांकडे पाच-पाच आकडे येतात, म्हणजे हिशेब नाण्याचाच झाला. प्रत्येक निकाल आधीच्या निकालांपासून स्वतंत्र आहे असे मानले, तर ३०० डावांत एकाच रंगाच्या पाच किंवा अधिक लांबीच्या रांगा सरासरीने नऊ लागाव्यात आणि आठ किंवा अधिक लांबीची रांग सरासरीने एकदा लागावी. आपल्याला चमत्कारिक वाटलेली आठ लालची रांग ही अशी अपेक्षित पाहुणी आहे. दिवसाला मिनिटामिनिटाचे १,४४० डाव होतात. तेवढ्यात सलग दहा वेळा एकच रंग रोज सरासरी एकदा तरी दिसावा. एकाआड एक रांगेचेही तसेच आहे. लाल-हिरवा-लाल-हिरवा असे आठ निकाल येण्याची शक्यता आणि आठही लाल येण्याची शक्यता तंतोतंत सारखी आहे, इतकेच काय, वहीतल्या कोणत्याही ओबडधोबड, नाव नसलेल्या आठ निकालांच्या क्रमाचीही शक्यता तेवढीच आहे. त्या ओबडधोबड क्रमांना आपण नाव देत नाही, म्हणून ते लक्षात राहत नाहीत.

आता वहीकडे वळू. एकच रंग सलग चार वेळा आला अशा सगळ्या जागा पेन्सिलने खुणा करून शोधाव्यात. चाराहून लांब रांगेत प्रत्येक पुढची जागाही धरावी. ३०० डावांत अशा जागा सुमारे ३७ निघतील. त्या प्रत्येक जागेनंतरचा निकाल तोच रंग होता की बदलला, हे दोन रकान्यांत मोजावे. रंग पुढे चालू राहण्याचा कल खरोखर असेल तर पहिला रकाना भरभरून जाईल. ‘आता बदलणारच’ हे खरे असेल तर दुसरा. माझा अंदाज असा की दोन्ही रकाने १३ ते २४ च्या दरम्यान राहतील, आणि तेवढा फरक नाणेही दाखवते.

त्याहून कठोर कसोटी हवी असेल तर पहिले १५० डाव पाहून आपल्याला जो नियम दिसेल तो शाईने लिहून काढावा आणि उरलेल्या १५० डावांवर तो लावून पाहावा. नियम लिहिल्यावर त्यात ‘पण इथे पाच आल्यामुळे तो लागू होत नाही’ अशी पुस्ती जोडायची नाही. ज्या आकड्यांकडे पाहून नियम बनवला त्याच आकड्यांवर तो तपासणे म्हणजे भिंतीवर बाण मारून नंतर त्याभोवती वर्तुळ काढणे होय. ट्रेंडवाल्यांची बहुतेक यशस्वी उदाहरणे अशीच तयार झालेली असतात.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. वरचा सगळा हिशेब निकाल खरोखर यादृच्छिक आहेत, म्हणजे कोणत्याही नियमाने वा हेतूने ठरत नाहीत, असे धरून केला आहे. हे खेळ ज्या ॲपवर चालतात तिथे कोणत्या रंगावर किती पैसे लागले हे चालवणाऱ्याला निकालाआधीच माहीत असते आणि निकाल त्याच्याच सर्व्हरवर तयार होतो. आपल्यासमोर ना चक्र फिरते, ना चिठ्ठी निघते. निकालाशी खेळले जात आहे असा आरोप मी करीत नाही, मात्र ते तपासण्याची सोय खेळणाऱ्याकडे नसते, हे खरे. आणि समजा, ज्या रंगावर कमी पैसे लागले तोच रंग काढला जात असेल, तर निकाल इतर हजारो लोकांनी त्या मिनिटाला काय लावले यावर अवलंबून राहील, आणि आपल्या वहीत त्याची नोंद असण्याचा प्रश्नच नाही. थोडक्यात, खेळ सचोटीचा असला तरी वही निरुपयोगी ठरते आणि लबाडीचा असला तर अधिकच.

राहिला तो भाग ज्याबद्दल आपण विचारले नाही. ट्रेंड शोधताना ज्या नियमांकडे आपण घाईने पाहिले, त्या देण्या-घेण्याच्या नियमांतच या खेळाची एकमेव खात्रीची गोष्ट आहे. हिरव्यावर दहा वेळा १०० रुपये लावले आणि दहाही आकडे एकेकदा आले असे धरा. शुल्क वजा जाता प्रत्येक वेळी ९८ रुपये खेळात उतरतात. १, ३, ७, ९ ला प्रत्येकी १९६ म्हणजे ७८४ रुपये, ५ ला १४७ रुपये, बाकी पाच वेळा शून्य. एकूण १,००० रुपये गेले आणि ९३१ परत आले. जांभळ्यावर किंवा नेमक्या आकड्यावर लावले तर याच रीतीने ८८२ परत येतात. एका शून्याच्या रुलेटमध्ये, म्हणजे कसिनोवाल्यांच्या राजेशाही खेळात, हीच घट हजारामागे सुमारे २७ रुपये असते. आपल्या मोबाइलवर ती ६९ ते ११८ आहे. आपण पत्रात लिहिता की रोज रात्री तासभर ५० रुपयांनी खेळता. साठ डावांत ३,००० रुपये फिरतात आणि सरासरी २०७ रुपये जातात. एखाद्या रात्री आपण जिंकाल, एखाद्या रात्री बरेच हराल, पण महिन्याची सरासरी ६,००० रुपयांच्या वर बसते, मग वहीत कोणताही ट्रेंड दिसो.

प्रश्न (इचलकरंजीहून) : ट्रेंड वगैरे काही नसतो हे मला पटते. म्हणून मी फक्त हिरव्यावर लावतो आणि हरलो की पुढच्या डावात रक्कम दुप्पट करतो. १००, २००, ४०० असे करत गेले की कधी तरी हिरवा येणारच, आणि आला की मागचे सगळे वसूल होऊन वर १०० रुपये सुटतात. यात चूक कुठे आहे?

उत्तर : ‘कधी तरी हिरवा येणारच’ हे बरोबर आहे. ‘वर १०० रुपये सुटतात’ हे मात्र आपण ज्या प्रकारचा खेळ खेळता त्यात पहिल्या डावापासूनच खरे नाही. आपल्या खेळाचे दर वरच्या पत्रातल्यासारखेच आहेत, असे आपण कळवले आहे. म्हणून तेच धरतो.

२ टक्के शुल्कामुळे पहिल्याच डावात जिंकलात तर १०० वर ९६ सुटतात. तीन वेळा हरून चौथ्या डावात ८०० लावून जिंकलात तर हातात १,५६८ येतात, पण तोवर एकूण १,५०० लागलेले असतात. म्हणजे सुटले ६८. पाचव्या डावात जिंकलात तर ३६. सहाव्या डावात ३,२०० लावून जिंकलात तर ६,२७२ मिळतात आणि तोवर लागलेले असतात ६,३००. जिंकूनही २८ रुपयांचा तोटा! त्यापुढे जिंकण्याने होणारा तोटाही प्रत्येक डावात दुपटीहून अधिक वाढत जातो. आणि हा हिशेब १, ३, ७ किंवा ९ आला तरचा. हिरवा म्हणून ५ आला तर दीडपटच मिळते, आणि मग दुसऱ्याच डावात ३०० लावून २९४ हाती येतात, चौथ्या डावात १,५०० लावून १,१७६. जिंकल्याचा फटाका पडद्यावर फुटतो तेव्हा ही वजाबाकी कोणी करत नाही, हा भाग वेगळा.

हे लक्षात आलेले काही खेळाडू दुपटीऐवजी तिप्पट करतात. १०० पासून तिप्पट करत सात डाव सलग हरले तर १,०९,३०० रुपये गेलेले असतात आणि आठव्या डावाला २,१८,७०० हवे असतात. सलग सात वेळा एकच रंग ही अनहोनी गोष्ट नव्हे. मिनिटाच्या खेळात अशा रांगा दिवसाला सरासरी अकरा लागतात. त्यातली एखादी आपल्या वाट्याला येईपर्यंतच्या काळात छोट्या छोट्या विजयांची सवय मात्र लागते, आणि म्हणूनच ही पद्धत ‘चालते’ असे शपथेवर सांगणारे लोक नेहमी भेटतात. ते खोटे बोलत नसतात. त्यांची ती रांग अजून आलेली नसते.

प्रश्न (मुंबईतील लालबागहून) : माझे वडील गिरणीत होते. मटक्याचा आकडा लावण्याचा त्यांना नाद होता आणि आमच्या खोलीत वर्षानुवर्षांचे चार्ट जपून ठेवलेले असत. अमुक आकडा किती दिवसांत ओपनला आला नाही हे त्यांना तोंडपाठ असे, आणि ‘तो आता थकलाय, येणार’ असे ते म्हणत. त्यांचा अंदाज कधी कधी बरोबरही येई. या अभ्यासाला काहीच अर्थ नव्हता का?

उत्तर : आपल्या वडिलांच्या अभ्यासाचा विषय मुळात कुठून आला हे पाहिले तर एक गमतीची गोष्ट दिसते. साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मुंबईतला आकडा न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर चाले. ते भाव टेलिप्रिंटरने इथे येत आणि त्यांवर लोक पैसे लावत. ओपन आणि क्लोज हे शब्द त्याच बाजारातून आले. १९६१ च्या सुमारास ते भाव बंद झाले, आणि १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत व १९६४ मध्ये रतन खत्री यांनी वेगळा मटका सुरू केला, तेव्हा आकडे मातीच्या मडक्यातल्या चिठ्ठ्यांतून आणि पुढे पत्त्यांतून निघू लागले. कापसाच्या भावाला पीक, पाऊस, मागणी असे काही तरी मागेपुढे होते. मडक्याला काहीच नव्हते. चार्ट ठेवण्याची सवय मात्र जशीच्या तशी टिकली.

‘थकलेला’ आकडा ही कल्पना जगभर आहे. इटलीतल्या सरकारी लॉटरीत प्रत्येक शहराच्या चक्रातून १ ते ९० मधले पाच आकडे काढतात. व्हेनिसच्या चक्रातून ५३ हा आकडा मे २००३ नंतर येईनासा झाला आणि १८२ सोडती गेल्या तरी आला नाही. जसजसे दिवस जात होते तसतसे लोक त्यावर अधिकाधिक पैसे लावत होते. अब्जावधी युरो लागले, घरे विकली गेली, काहींनी आत्महत्या केल्याच्या बातम्या आल्या. अखेर ९ फेब्रुवारी २००५ ला ५३ आला. ज्यांनी त्या दिवशीही लावले होते ते म्हणाले असतील की पाहा, येणारच होता. पण त्या दिवशी त्याच्या येण्याची शक्यता १८ त १ इतकीच होती, जितकी ती पहिल्या दिवशी होती.

अशी लांबलेली अनुपस्थिती असाधारण होती का, याचा हिशेब मी एकदा सवडीने केला होता. एका ठरावीक आकड्याने एका ठरावीक चक्रात १८२ सोडती सलग गैरहजर राहण्याची शक्यता सुमारे ३३,००० त १ येते, आणि हे वाचून कुणीही म्हणेल की काही तरी काळेबेरे असावे. परंतु त्या वेळी चक्रे दहा होती, प्रत्येकातून आठवड्याला दोनदा पाच आकडे निघत, म्हणजे दर आठवड्याला शंभर आकडे आपापली गैरहजेरी नव्याने सुरू करीत. वर्षाला पाच हजारांवर अशा सुरुवाती होत असताना एवढी लांब अनुपस्थिती सहा-सात वर्षांत एकदा कुठल्या तरी चक्रात, कुठल्या तरी आकड्याची व्हायलाच हवी. लोक ज्याला ५३ चा हट्ट समजत होते ती चक्रांची नेहमीची चाल होती.

वडिलांच्या चार्टमध्ये एक क्रम मात्र खरोखर होता, आणि तो त्यांना ठाऊक असणार. तीन आकड्यांच्या पत्तीची बेरीज करून शेवटचा अंक ओपन म्हणून घेतात. अशा पत्त्या एकूण २२० असतात आणि प्रत्येक अंकाच्या वाट्याला बावीसच येतात. तिन्ही आकडे स्वतंत्रपणे व सारख्या शक्यतेने निघाले असे धरले तर तिन्ही वेगळे आकडे असलेली एखादी पत्ती हजारात सहा वेळा, दोन सारखे असलेली तीन वेळा आणि तिन्ही सारखे असलेली एकदा यावी. चार्टवर ‘एकेरी पत्त्याच जास्त येतात’ असे दिसे ते यामुळे. बुकीला हे आपल्या वडिलांइतकेच चांगले माहीत होते, म्हणून दुर्मीळ पत्तीचा दर चढा असे, आणि साध्या अंकाला दहा शक्यतांमागे नऊच पट मिळत. वडिलांचा अंदाज कधी कधी बरोबर येई असे आपण लिहिता. रोज एक अंक लावणाऱ्याचा अंदाज महिन्यातून तीनेकदा बरोबर यायचाच.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगरहून, अभियांत्रिकीचा विद्यार्थी) : संगणक जे काही करतो ते सूत्रानेच करतो. मग ॲपमधला आकडाही सूत्रानेच तयार होत असणार. ते सूत्र उलगडले तर पुढचा आकडा सांगता येणार नाही का?

उत्तर : तर्क म्हणून आपले म्हणणे निर्दोष आहे. १९४० च्या दशकात गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी विस्कळीत आकडे तयार करण्यासाठी सुचवलेली रीत घ्या : चार अंकी संख्येचा वर्ग करायचा, तो आठ अंकी लिहायचा आणि मधले चार अंक पुढची संख्या म्हणून घ्यायचे. १२३४ पासून ५२२७, त्यापासून ३२१५, मग ३३६२ असे आकडे निघतात आणि दिसायला अगदी विस्कळीत वाटतात. पण २५०० पासून सुरुवात केली की वर्ग ०६२५०००० येतो आणि मधले चार अंक पुन्हा २५००. यंत्र तिथेच रुतून बसते. सूत्र आणि सुरुवातीची संख्या ठाऊक असेल तर सगळे पुढचे आकडे ठाऊक, हे अशा रीतींच्या बाबतीत खरेच आहे.

आणि व्यवहारातही हे एकदा घडले. १९९४ मध्ये माँट्रियलच्या कसिनोत एका खेळाडूने केनोच्या खेळात वीसपैकी एकोणीस आकडे बरोबर ओळखले, तेही तीनदा, आणि सुमारे ६ लाख कॅनेडियन डॉलर मिळवले. चौकशीत निघाले की यंत्र रात्री बंद होई आणि सकाळी चालू करताना दरवेळी त्याच बीजसंख्येपासून, म्हणजे सूत्राला सुरुवातीला दिलेल्या त्याच संख्येपासून, सुरुवात करी, त्यामुळे रोज तोच क्रम निघे. दोष यंत्राचा ठरला आणि त्याला पैसे दिले गेले. आपल्या मनात हेच स्वप्न असावे असा मला संशय आहे.

परंतु आज गोपनीयतेच्या कामासाठी वापरतात ती सूत्रे वेगळ्या जातीची आहेत. त्यांत बीज म्हणून यंत्रातल्या अनेक अनियमित घटनांतून गोळा केलेली प्रचंड मोठी संख्या असते, आणि बाहेर पडलेले आकडे कितीही पाहिले तरी त्यांवरून ती बीजसंख्या मागे जाऊन काढणे आजच्या संगणकांच्या आवाक्यात नाही. बँकेचा व्यवहार आपण मोबाइलवरून निर्धास्त करतो तो याच भरवशावर. शिवाय आपल्याला मिळतो तो पूर्ण आकडाही नव्हे, ० ते ९ मधला एक अंक. सूत्र कमकुवत असले तरी एवढ्या तुटपुंज्या माहितीवरून ते ओळखायला मोठी चिकाटी लागेल. आणि मुळात तिथे सूत्रच वापरले जाते, कुणी निकाल हाताने बसवत नाही, हे आपण गृहीत धरले आहे.

आपल्या बुद्धीला खाद्य म्हणून एक विषय सुचवतो. चालवणाऱ्याने निकाल आधीच ठरवून, बंद पाकिटात घालून, पाकीट सर्वांसमोर ठेवले आणि पैसे लावून झाल्यावर उघडले, तर त्याला मध्येच निकाल बदलता येणार नाही. संगणकावर हे काम हॅश नावाच्या गणिती क्रियेने करता येते : डावाआधी हॅश जाहीर करायचा, डावानंतर मूळ संख्या उघड करायची, आणि कुणीही ती ताडून पाहायची. ज्या खेळात एवढेही नसते त्याचे सूत्र शोधण्यात आपले सेमिस्टर घालवू नये.

प्रश्न (सोलापूरहून, गृहिणी) : मी दर आठवड्याला राज्य लॉटरीचे एक तिकीट घेते. शेवटी ७ असलेला नंबर घ्यावा का? आणि ज्या स्टॉलवर आधी मोठे बक्षीस लागले तिथूनच घेतलेले बरे असते का?

उत्तर : दोन्हींचे उत्तर ‘फरक पडत नाही’ असे आहे. सोडतीत प्रत्येक छापील क्रमांकाची शक्यता सारखी. मोठे बक्षीस लागलेल्या स्टॉलवर बहुधा मुळातच जास्त तिकिटे खपतात, म्हणून तिथे बक्षीसही जास्त वेळा लागते, आणि पाटी लावल्यावर खप आणखी वाढतो.

आपण घेता ती लॉटरी महाराष्ट्र शासनाने १९६९ मध्ये सुरू केली आणि देशभरातील राज्य लॉटऱ्यांना १९९८ चा केंद्रीय कायदा लागू आहे. त्या कायद्यातली एक तरतूद आपल्या सातच्या प्रश्नाशी जुळणारी आहे : आधी जाहीर केलेल्या क्रमांकावर किंवा नुसत्या एका अंकावर बक्षीस ठेवता येत नाही. एका अंकावरचा खेळ फार झटपट आणि फार वेळा खेळला जातो, हे कायदा करणाऱ्यांना मटक्यामुळे नीट कळले असावे, असे माझे आपले मत. आठवड्याला एक तिकीट हा आपला खर्च करमणुकीच्या खात्यात लिहीत असाल तर माझी काही हरकत नाही.

प्रश्न (लातूरहून) : माझा धाकटा भाऊ रंगांच्या खेळात पैसे घालवत आहे आणि मित्रांकडून उसने घेऊ लागला आहे. तो म्हणतो की टेलिग्रामवरच्या एका ‘सरां’नी त्याला खासगी संदेशाने सांगितलेले पहिले पाच अंदाज सलग बरोबर आले, म्हणून त्यांची फी भरून पुढचे अंदाज घ्यायला हवेत. पाचही अंदाज बरोबर कसे येतील? मी त्याला काय सांगू?

उत्तर : ताई, पाच अंदाज बरोबर येण्याची एक रीत अशी आहे की तिला रंगांचे काहीच ज्ञान लागत नाही. समजा त्या गृहस्थाने १,६०० जणांना संदेश पाठवले; ८०० जणांना लाल, ८०० जणांना हिरवा. हिरवा आला तर लालवाल्यांना विसरायचे आणि उरलेल्या ८०० ना पुन्हा अर्धे-अर्धे. दुसऱ्या डावानंतर ४००, मग २००, १०० आणि पाचव्या डावानंतर ५० माणसे अशी उरतात ज्यांनी पाचही अंदाज डोळ्यांसमोर खरे ठरताना पाहिले. त्या पन्नासांत आपला भाऊ आहे. बाकीच्या १,५५० जणांशी त्याची गाठ पडणार नाही, म्हणून त्याला हा चमत्कारच वाटणार. प्रत्येक जण हीच युक्ती करतो असे नाही. काही जण चुकलेले अंदाज मागाहून पुसून टाकतात, ते अधिकच सोपे. भावाला एवढेच विचारावे की पुढचा रंग ज्याला नक्की कळतो तो स्वतः पैसे लावायचे सोडून आपल्याकडे फी का मागतो.

कायद्याची बाजू आपल्याला माहीत असावी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे म्हणवले जावोत की नशिबाचे, चालवायला आणि त्यांची जाहिरात करायला त्यात मनाई आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही, त्यामुळे ‘तक्रार केली तर आपणच अडकू’ ही भावाची भीती असेल तर ती काढून टाकावी. फी घेऊन कुणी फसवले असेल किंवा ॲपमधले पैसे काढता येत नसतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवाल तितके बरे, कारण पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी ते अडवण्याची शक्यता सुरुवातीच्या तासांतच जास्त असते. संदेश, व्यवहारांचे क्रमांक आणि पडद्याचे फोटो पुसू नयेत. राग आला की माणसे आधी तेच पुसतात. भावाला झोप लागत नसेल, तो सारखा चिडत असेल किंवा टोकाचे बोलत असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी-सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते आणि तिथे मराठीतही उत्तर मिळते.

वाद घालण्याने तो अधिक चिकटून बसेल असे वाटते. त्याला जिंकलेले डाव आठवतात, कारण तेव्हा फोन वाजतो, पडदा उजळतो आणि तो कुणाला तरी सांगतो. बँकेच्या ॲपमधून गेल्या सहा महिन्यांचे विवरणपत्र काढावे, त्याच्या शेजारी बसून त्या खेळाकडे गेलेली प्रत्येक रक्कम एका रकान्यात आणि तिथून खात्यात आलेली प्रत्येक रक्कम दुसऱ्या रकान्यात त्यालाच लिहायला लावावी. मित्रांकडून घेतलेले उसने तिसऱ्या रकान्यात. बेरीज आपण करू नये; ती त्याला करू द्यावी, आणि त्या वेळी चहा ठेवायला उठून गेलात तरी चालेल.